कंसातलं व्यवधान

विधानसभेत मी नेमकं काय करते, हे भिलाईच्या सेक्टर 2 मधल्या माझ्या शेजारणींना मी इतक्या वर्षांत समजावू शकलेले नाही. एकीला वाटतं मी टायपिस्ट आहे. दुसरीची खात्री आहे की मी मंत्र्यांच्या चहापाण्याचं बघते. समोरच्या क्वार्टरमधल्या काकू दर अधिवेशनाच्या आधी एक अर्ज आणून देतात, गल्लीतली नाली झाकून द्यायला सांग म्हणून. मी म्हणते, काकू, मला तिथं बोलायला मनाई आहे. त्यांना ते पटत नाही, कारण घरात आणि गल्लीत मी किती बोलते हे त्या रोज ऐकतात.

मी प्रतिवेदक आहे. सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या आसनाखाली एक टेबल असतं. तिथं बसून, जो कोणी जे बोलेल ते शब्दन्‌शब्द हिंदी शॉर्टहँडमध्ये उतरवायचं. एकेकाची पाळी पाच मिनिटांची. पाच मिनिटं होत आली की पुढची प्रतिवेदक हळूच शेजारी येऊन बसते, तिची पेन्सिल चालू झाली की मी उठते, मागच्या खोलीत जाऊन ते टाइप करते आणि पुन्हा माझ्या पाळीची वाट बघते. त्यामुळे कुठलंही विधेयक मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत माहीत नसतं. लोक विचारतात, त्या कायद्याचं काय झालं हो? मी सांगते, माझ्या पाच मिनिटांत तरी काही झालं नाही.

या कामाचा एक नियम आहे. अध्यक्षांनी ज्याला बोलायला उभं केलं, त्याचं बोलणं घ्यायचं. बाकीचे चार जण एकदम उठून बोलू लागले, तर कोण काय म्हणालं ते वेगळं काढत बसायचं नाही. कंस करायचा आणि आत एकच शब्द लिहायचा, व्यवधान, म्हणजे व्यत्यय. मग गलका शांत झाला की पुढं चालू. आता हे हाताच्या इतकं अंगवळणी पडलंय की आमच्या पावर हाउस भागातल्या बाजारात दोन ऑटोवाले सवारीवरून भांडायला लागले तरी माझं बोट पिशवीच्या बंदावर ती खूण काढतं.

हे सगळं सांगायचं कारण बाबा.

बाबा रेल्वेत गार्ड होते. ते रिटायर झाल्यावर रेल्वेनं त्या पदाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, त्याचा त्यांना थोडा राग आणि बराच अभिमान आहे. जन्म नागपूरच्या अजनीचा, पण नोकरी सगळी दुर्गच्या लाइनवर, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात. भिलाई-3 या वस्तीत रेल्वे यार्डापासून जवळ त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. आई गेल्यावर ते तिथं एकटे राहू लागले आणि छान राहत होते. मग त्यांना पक्षाघाताचा एक छोटा झटका आला. हातपाय पंधरा दिवसांत ठीक झाले. बोलणं मात्र उशिरा येऊ लागलं. समजायचं सगळं, आठवायचं सगळं, फक्त शब्द तोंडापर्यंत यायला वेळ लागायचा. कधी अर्धं मिनिट, कधी त्याहून जास्त. दवाखान्यात डॉक्टरनं आम्हाला समजावलं की यांना घाई करू नका. बाबांनी आपल्या परीनं ते अजून सोपं करून सांगितलं.

"गाडी... आऊटरले उभी आहे," ते म्हणाले. "बिघडली... नाही."

स्टेशन रिकामं नसलं की गाडी बाहेरच्या सिग्नलला थांबवतात, त्याला आमच्या घरात आऊटर म्हणतात. आम्ही सगळे हसलो आणि डॉक्टरला हो म्हणून घरी आलो. पण माझा स्वभाव मला ठाऊक आहे. मला वाट बघता येत नाही. बाबांनी "मले जरा" म्हटलं की मी पाणी आणून द्यायचे. "आज दुपारी" म्हटलं की मी म्हणायचे, हो, दुपारी लाइट गेली होती ना. बाबांची वाक्यं पुरी करण्यात माझा हात कोणी धरला नसता. ते मान हलवायचे. मी समजायचे, बरोबर ओळखलं.

ज्या आठवड्याबद्दल मी सांगतेय, तो हिवाळी अधिवेशनाचा होता. पाच दिवस, सोमवार ते शुक्रवार, आणि विधेयकांची ही रांग. जुने कायदे रद्द करायचं एक, कॉलेजांच्या कारभाराचं एक, गावोगावच्या आठवडी बाजारांचं एक, दंडाच्या रकमा बदलायचं एक. त्याच आठवड्याची रजा काढून दादा नागपूरहून आला होता. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तो एक गोष्ट ठरवायला आला होता, बाबांनी आता कुठं राहायचं ते. त्याचं म्हणणं, नागपूरला माझ्याकडे. माझं म्हणणं, सेक्टर 2ला माझ्याकडे. झटक्यानंतर एकटं ठेवायचं नाही, एवढ्यावर मात्र आमचं एकमत होतं आणि तेवढंच होतं.

माझी तयारी पुढं गेलेली होती. दादा यायच्या आधीच मी मिस्त्री बोलावून बाथरूमच्या भिंतीत स्टीलची दांडी ठोकून घेतली होती, बाबांना धरायला. नवरा स्टील प्लांटमधून शिफ्ट संपवून आला, दांडी बघितली आणि म्हणाला, "ठरलं काय मग?" मी म्हटलं, ठरल्यासारखंच आहे.

त्या आठवड्यात परतीची स्टाफची बस मला भिलाई-3च्या चौकात सोडायची. मी पोचायचे तेव्हा सव्वासहा झालेले असायचे आणि बाबा अंगणात खुर्ची टाकून फोन कानाला लावून बसलेले असायचे. सहाचा फोन नागपूरहून दादाच्या मुलीचा. माझी भाची नऊ वर्षांची आहे. बोलताना ती अडखळते. शाळेत वाचायला उभी राहिली की पहिल्याच अक्षरावर अडकते, म्हणून तिला एका बाईंकडे शिकायला पाठवतात. आजोबा आणि नात रोज अर्धा अर्धा तास फोनवर असायचे आणि बोलणं ऐकाल तर दहा वाक्यं. बाकी सगळी शांतता. बाबा फोन कानाला धरून भिंतीवरच्या सेमीच्या, म्हणजे वालाच्या, वेलाकडे बघत राहायचे. मला वाटायचं, नेटवर्क जातं. एकदा मी त्यांच्या हातातून फोन घेऊन बंद करून पुन्हा लावूनही दिला होता.

सोमवारी, मंगळवारी घरात गोडीगुलाबी होती. दादानं वांग्याचं भरीत केलं, मी तिवरा भाजी, म्हणजे लाखोळीची पालेभाजी, नेली. बुधवारी पहिली ठिणगी पडली. दादा म्हणाला, तू सकाळी सातला जातेस, अधिवेशन असलं की सातला येतेस, बाबा तिथंही एकटेच. मी म्हटलं, तुझ्याकडे तुम्ही दोघं नोकरीला, पोरगी शाळेत, तिथं काय मेळा भरलेला असतो? बाबा बटाटा सोलत होते. त्यांनी सोलणं थांबवून वर बघितलं, पण आम्ही दोघं तोवर आवाज चढवून स्वयंपाकघरात गेलो होतो.

गुरुवारी सभागृहातही तेच झालं. आठवडी बाजारांच्या विधेयकावर चर्चा होती. जंगलाकडच्या भागातून पहिल्यांदाच निवडून आलेल्या एक बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांचं नाव पुकारलेलं नव्हतं. त्याच वेळी दोन्ही बाजूंचे दहा-बारा जण उठले. माझी पाळी होती. मी कंस केला, व्यवधान लिहिलं आणि शांत व्हायची वाट बघत बसले. अध्यक्षांनी सगळ्यांना बसवलं, त्या बाईही बसल्या. तासाभरानं त्या आमच्या टायपिंगच्या खोलीत आल्या. सदस्याला आपल्या भाषणाची प्रत तपासून बघता येते, टंकनाची चूक असेल तर सुधारता येते, तशी पद्धत आहे. त्यांनी माझ्या स्क्रीनवर वाकून बघितलं.

"मैं बोली थी, दीदी," त्या म्हणाल्या. "दो बार बोली थी. हमारे यहाँ बाज़ार में औरतों के बैठने की जगह के बारे में."

मी त्यांना नियम सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, त्या शब्दावर एकदा बोट ठेवलं, हसल्या आणि गेल्या. मला काही वाटलं नाही. मी पुढचं पान टाइप करायला घेतलं.

शुक्रवारी विधेयकं पटापट पास झाली. अध्यक्ष विचारतात, जे बाजूनं आहेत त्यांनी हो म्हणावं, विरोधात आहेत त्यांनी नाही म्हणावं. मग आवाजाचा अंदाज घेऊन जाहीर करतात, "हाँ की जीत हुई." चार दिवस ज्यावर घसे कोरडे झाले, ते एका हाँमध्ये संपतं. आमच्या घरी हे वाक्य फार आवडीचं. पिक्चरला जायचं की नाही, मटण करायचं की नाही, मला ही नोकरी लागल्यापासून दादा असंच मतदान घेतो.

शनिवारी सकाळी घरची बैठक बसली. दादाची गाडी दुपारची होती. बाबांच्या पुढच्या खोलीत सोफ्यावर दादा, दिवाणावर मी, मध्ये बाबा त्यांच्या वेताच्या खुर्चीत. दादा म्हणाला, "हे पाय, तू लिहून घे. आई गेल्यावर आपण बसलो होतो, अन् नंतर तू म्हणे मी असं म्हटलंच नाही, मी म्हणे तू म्हटलं. तुझं कामच आहे ते. घे वही."

मी वही घेतली. मराठी घरचं बोलणं हिंदी शॉर्टहँडमध्ये घ्यायचं म्हणजे जरा ओढाताण होते, पण आवाजाला खूण सापडते. एक गोष्ट मात्र मला तेव्हा सुचायला हवी होती. सभागृहात प्रतिवेदक बोलत नाही. ज्याला बोलायचंय त्यानं लिहू नये आणि लिहायचंय त्यानं बोलू नये. मी दोन्ही करायला बसले होते.

दादानं चांगली मांडणी केली. नागपूरला हॉस्पिटल घरापासून दहा मिनिटांवर, अजनीत बाबांचे जुने ओळखीचे, वर खोली रिकामी. "मले झोप नाही लागत इथून गेल्यावर," तो म्हणाला. "रात्री दोनदा उठून फोन पाहतो." मी ते लिहिलं. मग माझी पाळी. मी म्हटलं, बाबांचं सगळं आयुष्य या लाइनवर गेलं. सकाळी मालगाडी गेली की त्यांना कोणती ते कळतं. त्यांना उपटून दुसरीकडे लावायला ते काय रोप आहेत? सेक्टर 2 इथून वीस मिनिटं, कधीही इकडे आणता येईल. दादा मध्येच म्हणाला, तू त्यांच्यासाठी बोलून राहिली की स्वतःसाठी? मी म्हटलं, तू कोणासाठी बोलून राहिला? बाबांनी खुर्चीच्या दांडीवरून हात उचलला. त्यांनी काहीतरी म्हटलंही. पण दादा माझ्यावर आणि मी दादावर अशी जुंपली होती की माझ्या पेन्सिलीनं कंस केला आणि पुढं गेली.

असं तीन वेळा झालं.

शेवटी दादा थकला. तो भांडकुदळ नाही, मी आहे. "ठीक आहे," तो म्हणाला, "संक्रांतीनंतर तू घेऊन जा. उन्हाळ्यात मी घेऊन जाईन महिनाभर. बाबा, चालते ना तुमाले?"

बाबांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "चालते म्हणून राहिले ते."

"हाँ की जीत हुई," दादा म्हणाला आणि बॅग भरायला उठला. त्याचा चेहरा उतरला होता. मला त्याची दया आली, पण जिंकल्याचा आनंद त्याहून मोठा होता, हे मी लपवत नाही. घरी जायच्या बसमध्ये चढताना मी मनातल्या मनात बाथरूमच्या दांडीशेजारी साबणाची जाळी कुठं बसवायची ते ठरवत होते.

रविवारी सकाळी मी वही घेऊन पुन्हा बाबांकडे गेले. दादाला सगळं टाइप करून पाठवायचं होतं, म्हटलं आधी बाबांना वाचून दाखवू. बाबा अंगणात उन्हात बसून सेमीच्या शेंगा तोडत होते. मी पायरीवर बसून वाचायला लागले. माझं वाचन चांगलं आहे. दादाचं दादाच्या आवाजात, माझं माझ्या. माझी भाषणं कागदावर फारच सुंदर उतरली होती, दादाचीही बरी होती. मध्ये कंस आला की मी म्हणायचे, कंसात, व्यवधान. बाबांनी पहिल्यांदा शेंग तोडता तोडता एक बोट बाहेर काढलं. दुसऱ्यांदा दुसरं. तिसऱ्यांदा तिसरं काढून ती तीन बोटं त्यांनी तशीच गुडघ्यावर ठेवली.

वाचून झालं. मी म्हटलं, "बरोबर आहे ना बाबा?"

ते थांबले. मी यावेळी काही पुरं केलं नाही, कारण काय पुरं करायचं तेच कळेना.

"हे... तीन," ते म्हणाले. "कारण?"

"कशाचं कारण?"

"थांबलं... तीनदा. कारण... नाही लिवलं."

इथं गार्डच्या कागदाबद्दल सांगायला पाहिजे. गाडी चालते तेव्हा गार्ड एका कागदावर सगळी नोंद करतो. गाडी कुठं थांबली, किती वाजता थांबली, किती वाजता सुटली. आणि प्रत्येक थांबण्यापुढं कारण. सिग्नल नव्हता, पुढं दुसरी गाडी होती, फाटकावर बैल बसला होता. बाबा घरी येऊन कधी कधी ते कागद दाखवायचे. कारण नसलेलं थांबणं त्यांनी आयुष्यात लिहिलेलं नव्हतं. साहेब परत पाठवायचे म्हणे असा कागद.

"अहो, सगळे एकदम बोलायला लागले की तसंच लिहितो आम्ही," मी म्हटलं.

"कोण... सगळे?"

"मी. दादा."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या हातात शेंग तशीच होती. "अन्?" ते म्हणाले.

मी वहीत बघितलं. पहिला कंस. तेव्हा बाबांनी हात उचलला होता. दुसरा. तेव्हा त्यांनी "पोरीले" असं काहीतरी म्हटलं होतं, ते माझ्या कानावर आलं होतं, मला आता स्पष्ट आठवलं. तिसरा, तेव्हा ते पुढं वाकले होते. ज्या माणसाबद्दल ती अख्खी बैठक होती, तो माणूस तीन वेळा बोलला होता आणि त्याच्या मुलीनं, जिचं पोट लोकांचे शब्द टिपून चालतं, तिन्ही वेळा त्याला कंसात टाकलं होतं. मला गुरुवारच्या त्या बाई आठवल्या आणि त्यांनी स्क्रीनवर ठेवलेलं बोट. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

"अन् तुम्ही," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. रागावले नव्हते. चुकीची नोंद सापडली की माणूस कसा मोकळा होतो, तसे दिसत होते.

मी नवं पान काढलं. वर लिहिलं, बाबा. खाली पेन्सिल टेकवली आणि म्हटलं, "बोला. आता मी घेते."

मी कितीतरी मंत्र्यांची भाषणं घेतली आहेत. वेगानं बोलणारे, रागानं बोलणारे, कागदात बघून पुटपुटणारे. ते बाबांचं पान माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड पान. काही ऐकू येत नसताना पेन्सिल टेकवून बसायचं आणि गप्प राहायचं. दोनदा माझ्या जिभेवर शब्द आले. दोनदा मी ओठ चावला. यार्डाकडून एक मालगाडी आली, सगळी गेली, बाबांनी सवयीनं शेवटचा डबा बघितला आणि मग म्हणाले,

"मी... जातो."

"कुठी?"

"नागपूरले."

पेन्सिल थांबली. मला म्हणायचं होतं, दादाला वाईट वाटलं म्हणून म्हणता ना? मला म्हणायचं होतं, तुम्हाला इथून जायचं नाही, मला माहीत आहे. मी लिहिलं, नागपूरले. पुढं काय येतं त्याची वाट बघितली.

"माझ्यासाठी... नाही," बाबा म्हणाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पोरगी... अडते. तिथं सगळे... घाईत."

"हं."

"थे... बोलाले लागते. अन् तिची माय... पुरं करते. मास्तरीण... पुरं करते." त्यांनी शेंगेचं टोक मोडलं, दोरा ओढून काढला, दाणे मोकळे केले. "तिच्या मनात... दुसरंच राहते."

मी मान वर केली नाही.

"मी... थांबतो. मले... येते थांबता. फोनवर... किती थांबू?"

तेव्हा मला तो सहाचा फोन समजला. अर्ध्या तासात दहा वाक्यं. दोन आऊटरला उभ्या गाड्या एकमेकींना जागा देत होत्या आणि मी मध्ये जाऊन फोन बंद करून पुन्हा लावून दिला होता.

"तू बी... पुरं करते माझं," बाबा म्हणाले. "चांगलं... करते. पण..."

मी थांबले. त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही आणि मीही केलं नाही.

मग मी विचारलं, "मग दादाला असं लिहू का, की बाबा तुझ्याकडे राहायला येतात, तू त्यांना सांभाळ?"

बाबांनी जोरात नाही म्हणून मान हलवली. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांचा शब्द लवकर आला.

"सांभाळाले नाही. ड्युटी... लिव. ड्युटीवर... चाललो मी."

नऊ ओळी झाल्या. चाळीस मिनिटं लागली. मी तिथंच पायरीवर बसून रडले, आणि बाबांनी शेंगांची टोपली माझ्या मांडीवर सरकवली, निवडायला. आमच्या घरात कोणी रडलं की त्याला काम देतात.

दुपारी मी ते टाइप करून आणलं. पहिल्या मजकुरातले तीन कंस मी तसेच ठेवले, फक्त प्रत्येकापुढं कारण लिहिलं. बाबा बोलत होते, आम्ही ऐकलं नाही. बाबांना मी प्रत तपासायला दिली, सदस्यांना देतात तशी. त्यांनी चष्मा लावून शब्दन्‌शब्द वाचलं. चूक काढली नाही. खाली सही केली आणि सहीखाली वेळ घातली, कारण गार्ड वेळेशिवाय सही करत नाही.

दादाला पाठवलं. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. मी हॅलो म्हटलं. तो काही बोलला नाही. मी पुन्हा हॅलो म्हणणार होते, पण म्हटलं नाही. श्वास ऐकू येत होता. शेवटी तो म्हणाला, "मी बी पुरं करतो रे बाप्पा तिचं. रोजच करतो." त्यापुढं आम्ही दोघं भावंडं बराच वेळ फोन धरून बसलो होतो.

संक्रांतीनंतर बाबा गेले. मी दुर्गहून गाडीत बसवून दिलं. बरोबर सेमीच्या शेंगा, बिया वेगळ्या पुडीत, आणि त्यांची जुनी शिट्टी, नातीनं मागितलेली. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून हात असा धरला, जसा गार्ड झेंडा धरतो. मी हसत हात हलवला आणि घरी येऊन दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाही. मला बाबा माझ्याकडे हवे होते. अजूनही हवे आहेत. बाथरूमची दांडी तिथंच आहे, तिच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो. नवरा एकदा म्हणाला, काढून टाकू का? मी म्हटलं, हात लावून बघ.

सभागृहातला नियम तोच आहे, आणि असायला पाहिजे. दहा जण एकदम बोलले की आजही मी कंस करते. फक्त पेन्सिल टेकवायच्या आधी एकदा वर बघते, त्यात कोणाचा हात उचललेला आहे का.

आता सहाचा फोन मला येतो. तिकडे दोघं एकत्र बसलेले असतात, म्हणून इकडचा माणूस मी. परवा अधिवेशनाच्या बसमध्ये होते, भिलाई-3चा चौक मागं पडला होता. फोन वाजला. "आत्या," भाची म्हणाली, आणि मग काहीच नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आऊटर." हा शब्द तिला एकदम येतो. मागून बाबांचा आवाज आला, "येऊ... दे."

मी फोन कानाला धरून खिडकीबाहेर बघत राहिले. पावर हाउस आलं, लोक उतरले, चढले. शेजारी बसलेल्या सहकारी बाईंनी दोनदा माझ्याकडे बघितलं.

"नेटवर्क नहीं है क्या, दीदी?"

"है," मी म्हटलं. "बात चल रही है."